लढाऊ वृत्ती मोजायची कशी?



मी निवृत्त फौजी. सध्या एका कर्करोग रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जातो. तिथले मानसशास्त्रज्ञ 'मिनी-मॅक' नावाची प्रश्नावली मराठीत आणताहेत. आजाराला माणूस मनाने कसा तोंड देतो, हे ती मोजते. मॅगी वॉटसन आणि सहकाऱ्यांची मूळ मोजपट्टी १९८८ची, चाळीस विधानांची. १९९४मध्ये तिची २९ विधानांची छोटी आवृत्ती आली. तिच्यात पाच गट आहेत: हतबलता, सतत चिंता, लढाऊ वृत्ती, विषय मनाआड करणं आणि दैवावर सोडणं.

माझं काम उलट्या भाषांतराचं. मूळ इंग्रजी न दाखवता मराठी कागद हातात देतात आणि म्हणतात, याचं इंग्रजी करा. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून अर्थ कुठे घसरला ते शोधतात. पुढे रुग्णांनाच विचारायचं, 'हे वाचून तुम्हाला काय समजलं?' आणि पुण्यातल्या रुग्णाला समजलं म्हणून भागत नाही. तुम्ही ऐकणारे इंदूर, बडोदा, बेळगावचे. तुमच्या घरातली मराठीही पाहावी लागते.

देवावर हवाला टाकण्याचं विधान दैववादाच्या गटात मोडतं. आमच्या एक आजी म्हणाल्या, "अहो, त्याच्यावर सोडलंय म्हणून तर किमोला वेळेवर येते." आता ही हार म्हणायची की हिंमत? हाँगकाँगमध्ये चिनी आवृत्ती तपासली तेव्हा पाचाऐवजी तीनच गट निघाले. लढाऊ वृत्ती आणि दैव तिथे एकाच गटात बसले. म्हणून मराठी उत्तरांचे गट मराठी रुग्णांवरच तपासायचे. क्रोनबाखचा अल्फा ०.७०च्या वर गेला की बरेच जण खूश होतात. पण तो एवढंच सांगतो की विधानं एका सुरात बोलतात. सूर कोणता, ते नाही सांगत.

आता माझ्या जिव्हाळ्याचा शब्द, लढाऊ वृत्ती. १९७९मध्ये ग्रीअर यांच्या एका लहान अभ्यासातून वाटलं होतं की लढणाऱ्या बायका जास्त जगतात. १९९९मध्ये वॉटसन यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ५७८ रुग्णांवर तपासलं. लढाऊ वृत्तीने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. हतबलतेचा वाईट परिणाम मात्र दिसला. मला हे पचायला जड गेलं, पण आकडे आकडे असतात. तेव्हा 'लढा, लढा' म्हणून रुग्णाच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवू नका.

वॉर्डात एक माजी सुभेदार होते. बायको शेजारी बसलेली. लढाऊ वृत्तीच्या प्रत्येक विधानाला 'पूर्णपणे लागू', हतबलतेच्या प्रत्येकाला 'अजिबात नाही'. वहिनी चहा आणायला गेल्या तसे हळूच म्हणाले, "साहेब, तो कागद परत द्या जरा." हतबलतेच्या चार खुणा त्यांनी बदलल्या. त्यांना विचारूनच तो कागद त्याच दुपारी समुपदेशक बाईंकडे दिला. तेव्हापासून आमच्याकडे प्रश्नावली भरताना नातेवाइकांना बाहेर बसवतात.