लूगरचे मॅगझीन: जुळणारा आकडा आणि खरा आकडा



जर्मन सैन्याने १९०८ साली लूगर पिस्तूल स्वीकारले, तेच पी ०८. आज ते विकायला निघाले की संग्राहक आधी विचारतो, ‘मॅगझीन जुळते का?’ म्हणजे काडतुसांच्या मॅगझीनवर पिस्तुलाचाच क्रमांक आहे का? जुळले तर भाव चढतो, आणि म्हणूनच लबाडीही तिथेच होते. माझे म्हणणे एवढेच आहे, की जुळणारा आकडा हा नुसता दावा असतो. तो तपासूनच घ्यावा.

सैन्याच्या पिस्तुलाबरोबर आठ काडतुसांची दोन मॅगझिने मिळत. दोन्हींच्या तळावर पिस्तुलाचाच क्रमांक ठोकत. जादा मॅगझीनवर शिवाय अधिक चिन्ह असे. क्रमांक दहा हजारांपर्यंत पोचला की पुन्हा एकपासून मोजायचे आणि सोबत एक लहान रोमन अक्षर जोडायचे, अशी पद्धत होती. दर वर्षी ही मोजणी नव्याने सुरू होई. बर्लिनची डीडब्ल्यूएम कंपनी आणि एरफुर्टचा सरकारी कारखाना यांच्या मोजण्याही वेगवेगळ्या. साहजिकच एकाच क्रमांकाची, एकाच अक्षराची अनेक पिस्तुले खरोखरच तयार झाली. पिस्तुलावर साल असे. मॅगझीनवर मात्र नसे.

मग काळ ओळखायचा तो घडणीवरून. पहिल्या महायुद्धातले मॅगझीन दुमडलेल्या पत्र्याचे, निकेलचा मुलामा दिलेले आणि लाकडी तळाचे. पुढे तळ ॲल्युमिनियमचा झाला. सूल गावच्या हेनेल कारखान्याने नंतर बिनजोडाची मॅगझिने काढली. दुसऱ्या महायुद्धात त्यांवर ‘एफएक्सओ’ हा सांकेतिक छाप येऊ लागला. त्यामुळे १९१५ सालच्या पिस्तुलात ॲल्युमिनियमच्या तळावर जुळणारा क्रमांक दिसला, तर तो जन्मापासूनचा नव्हे. मॅगझीन सैन्याने नंतर बदलून दिलेले असेल किंवा क्रमांक कुणी विक्रीसाठी ठोकलेला असेल.

लाकडी तळ भिंगाखाली धरा. दोन्ही बाजूंच्या बोंडांवर एकात एक वर्तुळे कोरलेली असतात. मग तळाची खालची बाजू पाहा. जुन्या ठोक्यात लाकडाचे तंतू दबलेले असतात आणि खाचेत तेल-मळ मुरलेला असतो. ताज्या ठोक्यात खाच उजळ दिसते, कडा टोचतात. जुना आकडा घासून काढला असेल तर तळ पातळ झालेला असतो. अस्सल तळाशेजारी ठेवला की फरक लगेच कळतो.

लढाईच्या धामधुमीत मॅगझिनांची अदलाबदल होतच असे. त्यामुळे न जुळणारे, पण अस्सल मॅगझीन हा इतिहासाचाच भाग आहे. त्यावरचा आकडा खरवडला, की दोन पिस्तुलांची माहिती एकदम जाते: ज्याचे ते होते त्याची, आणि ज्याच्या गळ्यात ते बांधले त्याचीही. म्हणून संग्राहकांना माझी कळकळीची विनंती आहे: पॉलिश करू नका, आकडा बदलू नका. आहे तसे जपा, छायाचित्र काढा आणि ‘जुळत नाही’ असे नोंदवहीत स्पष्ट लिहून ठेवा.