बदलीचा परवाना आणि घरची माणसे

(पेण व रोहे येथील कुटुंब मेळाव्यांत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पेणच्या गणेशमूर्ती परदेशी निघतात त्या उत्सवाच्या कित्येक महिने आधी. जहाजाचा प्रवास लांबचा आणि कागदपत्रेही वेळेत व्हावी लागतात. मूर्तीच्या बाबतीत घेतली जाणारी ही दक्षता घरचा मुलगा परदेशी निघाला की आपण विसरतो. पेढे वाटले जातात, ‘आता तिकडेच स्थायिक’ असे शेजारी सांगू लागतात. प्रत्यक्षात त्याच्या हाती असतो तो कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना. म्हणजे मुदतीचा, अटींचा कागद.

बहुराष्ट्रीय कंपनी येथील कर्मचाऱ्यास आपल्याच परदेशी शाखेत पाठविते, त्यासाठी ही स्वतंत्र व्यवस्था आहे. अमेरिकेत ती १९७० साली आली. तिला ‘एल-१’ म्हणतात. मागील तीन वर्षांत सलग एक वर्ष त्याच कंपनीच्या परदेशी कार्यालयात काम केलेले हवे. व्यवस्थापकाला जास्तीत जास्त ७ वर्षे राहता येते, विशेष ज्ञान असलेल्याला ५. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार व्यवस्थापक व तज्ज्ञांना ३ वर्षे आणि प्रशिक्षणार्थींना एकच वर्ष. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० नंतर या मार्गाने गेलेल्यांची वर्षे कायम वास्तव्यासाठी धरली जात नाहीत. अमेरिकेत ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो खरा, परंतु भारतीयांची रांग अनेक वर्षांची आहे.

यात कोणी अन्याय पाहू नये. आपल्या देशात कोण, कोठे, किती काळ राहतो हे शासनाला ठाऊक असावे, असा आग्रह आपण धरतो. येथेही १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परकीयाला १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. मग दुसऱ्या राष्ट्राचा तोच अधिकार आपण आदराने मानला पाहिजे.

मात्र तो नीट समजून घेतला पाहिजे. हा परवाना त्या कंपनीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की अमेरिकेत साधारणतः ६० दिवसांची सवलत मिळते. तीही परवान्याची मुदत आधी संपत नसेल तर. मुलांची शाळा, घराचा करार, गाडीचे कर्ज, सारे त्या ६० दिवसांत आवरायचे. गावी कळवायला संकोच वाटतो म्हणून ते दिवस एकट्याने काढणारी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांच्या आईवडिलांनी आधीच ‘हा मुदतीचा प्रवास आहे’ असे मानले असते, तर तो संकोच उरला नसता.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची. या परवान्याबरोबर पती वा पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले अमेरिकेत जाऊ शकतात. २००२ पासून तेथे जोडीदाराला नोकरीही करता येते. आईवडिलांना मात्र त्यात स्थान नाही. त्यांनी पाहुणे म्हणून जायचे आणि मुदतीत परतायचे. आपण ज्याला कुटुंब म्हणतो आणि त्यांचा कायदा ज्याला कुटुंब म्हणतो, त्यांत हे एवढे अंतर आहे. म्हणून रोह्याच्या घरी रात्री-अपरात्री कोण धावून येईल, औषधपाणी कोण पाहील, हे तिकीट काढण्यापूर्वी ठरले पाहिजे. भावंडे आणि शेजार यांच्याशी मोकळेपणाने बोलून ते ठरते. केवळ पैसे पाठवून ते साधत नाही.

पैशाचे म्हणाल, तर अमेरिकेत सामाजिक सुरक्षेची वर्गणी पगारातून कापली जाते, पण सुमारे १० वर्षांच्या भरण्याविना निवृत्तिवेतनाचा हक्क नाही. परवाना मात्र ५ वा ७ वर्षांचा! भारताचा अमेरिकेशी याबाबत करार नाही. बेल्जियमशी झालेला करार २००९ पासून लागू आहे, जर्मनीशीही आहे. अशा देशांत जाणाऱ्याने भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचे प्रमाणपत्र कंपनीमार्फत घेतले, तर दुहेरी वर्गणी टळते.

आणि नावे! आपल्याकडे मधले नाव वडिलांचे, विवाहानंतर पतीचे; जन्मदाखल्यावर एक, पारपत्रावर दुसरे. परदेशी अधिकाऱ्याला या दोन व्यक्ती वाटतात. २००५ पासून भारतीय दाखल्यांवर परदेशी चालणारा ‘अपोस्टिल’ शिक्का मिळतो, पण तो शिक्का चुकलेले नाव दुरुस्त करीत नाही. ते काम पेण नगरपरिषदेच्या वा आपल्या ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवरच होते. घरातल्या सुनेचा विवाहदाखला अजून काढला नसेल, तर तो याच आठवड्यात काढा.