गाडीला प्लग कशाला?

(मंडळाच्या सिटी सेंटर येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ग्वाल्हेरात संगीतावर आणि इतिहासावर बोलणारी थोर माणसे पुष्कळ आहेत. आम्ही पडलो डिप्लोमावाले. राज्य शासनाच्या नोकरीत गाड्यांच्या देखभालीशी आमचा संबंध. तेव्हा आम्ही बोनेटखालचेच बोलणार, हे आधीच सांगून ठेवतो.

विषय निवडायला कारण आहे. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुले, सुना, नातवंडे आज कॅनडात आहेत. आई-वडील तिकडे जातात. जानेवारीत गेले, तर दारासमोरच्या पिकअपच्या जाळीतून एक काळी वायर लोंबताना दिसते. एडमंटन, विनिपेगसारख्या शहरांत तर गाड्या उभ्या करण्याच्या जागेतही विजेचे खांब असतात आणि गाड्या त्यांना जोडलेल्या असतात, गोठ्यात गुरे दाव्याला बांधावीत तशा. परत आल्यावर मंडळी आम्हाला विचारतात, "काय हो, तिकडच्या गाड्या विजेवर चालतात का?" नाही. गाडी डिझेल-पेट्रोलचीच. वीज लागते ती तिला झोपेतून उठवायला.

आधी एक घोटाळा दूर करू. गाडीच्या दुनियेत चार वेगळ्या वस्तूंना प्लग म्हणतात. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडतो तो स्पार्क प्लग. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते; हवा दाबून तापवली जाते आणि तिच्यात डिझेल पेटते. थंडीत त्याला मदत म्हणून काही सेकंदांत लालबुंद होणारी एक कांडी असते, तो ग्लो प्लग. तिसरा फ्रॉस्ट प्लग, म्हणजे इंजिनच्या ओतीव ब्लॉकला बाहेरून ठोकलेली वाटीसारखी झाकणे. ब्लॉक ओतताना आतल्या पोकळीसाठी वाळूचे साचे ठेवतात. त्यांच्यामुळे राहिलेली भोके या वाट्यांनी बंद करतात. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढते, तेव्हा या वाट्या निसटून ब्लॉक वाचवतात, असे मिस्त्री मंडळी सांगतात. कधी वाचतो, पण त्या त्यासाठी केलेल्या नाहीत. आणि चौथा, आपल्या घरात असतो तो विजेचा प्लग. आजची गोष्ट तिसऱ्या आणि चौथ्या प्लगच्या सोयरिकीची आहे.

कडाक्याच्या थंडीत इंजिन का उठत नाही? एक, तेल मधासारखे घट्ट होते. तेलाच्या डब्यावर १५ डब्ल्यू ४० असे लिहिलेले असते, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. आपल्याकडचे हे १५ चे तेल साधारण उणे २० अंशांपर्यंत इंजिन फिरू देते. त्याखाली ५ किंवा ० चे तेल लागते. दोन, बॅटरीची ताकद उणे १८ अंशांच्या सुमारास निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे ओझे वाढते आणि हमालाचा जोर घटतो. तीन, गार भिंती दाबलेल्या हवेची ऊब शोषून घेतात. इंजिन कसेबसे सुरू झाले, तरी तेल सगळीकडे पोहोचेपर्यंत धातूवर धातू घासतो. इंजिनची झीज सर्वांत जास्त होते ती याच वेळी.

उपाय साधा आहे. एक फ्रॉस्ट प्लग काढायचा आणि त्या भोकात विजेची कांडी बसवायची. आपल्या बादलीतल्या इमर्शन रॉडचीच ही बहीण. ती ब्लॉकमधले कूलंट तापवते, गरम कूलंट वर चढते, गार खाली येते आणि ब्लॉक हळूहळू कोमट होतो. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स नावाचे गाव आहे. तिथल्या अँड्र्यू फ्रीमन यांना इंजिन गरम करणाऱ्या विजेच्या हीटरचे पेटंट १९४९ साली मिळाले. आजचे हीटर साधारण ४०० ते १५०० वॅटचे असतात. रात्रभर चालू ठेवायची गरज नसते. निघण्याआधी दोन ते चार तास पुरतात. टायमर लावला की ७५० वॅटचा हीटर तीन तासांत सव्वादोन युनिट खातो.

इथवर सगळे सोपे. आमचे खरे म्हणणे पुढेच आहे. हीटर इंजिनच्या पोटात असतो, त्याला कुणी हात लावत नाही. माणसाचा हात लागतो तो वायरीच्या दुसऱ्या टोकाला, अंधारात, बर्फात, ओल्या हातमोज्यांनी. आणि नेमके तेच टोक लोंबकळत सोडलेले असते. ते चिखलात भिजते, मिठाच्या पाण्यात गंजते, जाळीवर घासून सोलवटते. कित्येक जण तर ते काढायचे विसरून गाडी पुढे नेतात. म्हणून आता तिकडचे लोक बंपरमध्ये बुडवून बसवायचा, पत्र्याशी सपाट राहणारा, स्प्रिंगच्या झाकणाचा प्लग लावून घेतात. काम एका दुपारचे आहे, पण क्रम पाळावा लागतो.

जागा ड्रायव्हर चढतो त्या बाजूला पुढे निवडावी, म्हणजे वायर जोडलेली असली तर गाडीत बसण्याआधी नजरेस पडते. भोक पाडण्याआधी बंपरच्या मागे हात घालून पाहावे. तिथे लोखंडी कांब, दिव्याची वायर किंवा रेडिएटर असेल तर पुढे पस्तावा. भोक किटमधल्या साच्याप्रमाणेच पाडावे. बंपर लोखंडी असेल तर कापलेल्या कडेला प्रायमर आणि रंग द्यावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. रबरी गॅस्केट झाकणाच्या मागे नीट बसवावे. आतली वायर सायलेन्सरचा पाइप, पंखा आणि स्टिअरिंगपासून लांब बांधावी. मात्र ती ताणून बांधू नये. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि सुरू होताना हलते. तेवढी ढील हवीच. प्लगजवळ वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली गळते, प्लगमध्ये शिरत नाही.

मग मल्टिमीटर घ्यावा. ७५० वॅटचा, १२० व्होल्टचा हीटर दोन मुख्य पिनांमध्ये साधारण १९ ओम दाखवतो. अर्थिंगची पिन आणि गाडीची उघडी धातू यांच्यात जवळजवळ शून्य यायला हवे. मुख्य पिना आणि बॉडी यांच्यात मात्र काहीही जोड दिसता कामा नये. ही तीन मापे घेतल्याशिवाय वीज जोडू नये. हीटर नवा बसवला असेल तर आधी कूलंट भरून, हवा काढून, इंजिन एकदा चालवावे. कोरडी कांडी जळून जाते.

मंडळी, यात एक नियम आहे तो घरी घेऊन जा. वीज देणाऱ्या बाजूला नेहमी भोके आणि वीज घेणाऱ्या बाजूला नेहमी पिना. गाडीच्या बंपरवर पिना असतात, कारण गाडी वीज घेते. देणाऱ्या बाजूला पिना असल्या की जिवंत वीज उघड्यावर येते. आता जरा आपल्याकडे पाहा. लाइट गेली की दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर जनरेटरमधून घरच्या सॉकेटमध्ये खुपसणारे आपण पाहिलेले आहेत. एक टोक जोडले की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत मृत्यू उभा असतो. भाद्रपदातला पाऊस, ओला मंडप, लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्याच्यावरून नेलेली रोषणाई आणि खाली अनवाणी पोरे. तिकडे बाहेरच्या सॉकेटला जे संरक्षण असते ते सुमारे ५ मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडते. आपल्याकडे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मिळतो. मंडपाच्या जोडणीला तो हवाच, आणि तिसऱ्या पिनेची अर्थिंगही खरी हवी. तिसरी पिन मोडून दोन पिनांवर काम भागवणे म्हणजे काटकसर नव्हे.

कुणी म्हणेल, तो हीटर मुलाकडून मागवून आपल्या बोलेरोला लावू. कृपा करून लावू नका. १२० व्होल्टची वस्तू आपल्या २३० व्होल्टवर लावली की ७५० वॅटची कांडी २७०० वॅटच्या वर ओढते आणि जळते. शिवाय ग्वाल्हेरला तिची गरजच नाही. इथला पारा डिसेंबर-जानेवारीत चार-पाच अंशांवर, एखाद्या पहाटे त्याहून खाली येतो, पण उणे ३० नव्हे. दाल बाजारात पहाटे माल घेऊन येणाऱ्या पिकअपवाल्याने एवढेच करावे: चावी फिरवून वेटोळ्याच्या चिन्हाचा दिवा विझेपर्यंत थांबावे, बॅटरीची टोके साफ ठेवावी, कंपनीने सांगितलेले तेल घालावे आणि सुरू झाल्यावर पहिले काही मिनिटे गाडी दामटू नये. लडाखची गोष्ट वेगळी. तिथे डिझेलच गोठते. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल तिथे आणले. त्याआधी टाकीखाली जाळ करणारे ड्रायव्हर होतेच. जीव मुठीत धरून केलेले ते काम.

शेवटचे, तिकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गाडी गरम करू नका, दार उघडे असले तरी नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोप येते आणि माणूस उठत नाही. आपल्याकडे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणारी घरे हिवाळ्यात जातात, ती याच वायूने. गाडी गरम करायला प्लग आहे, माणसाला रजई आहे.

आम्ही सरकारी माणसे. फाइलवर सही करण्यापूर्वी तीनदा पाहायची सवय. तीच सवय विजेच्या टोकाशी ठेवा, एवढेच मागणे. 

गणपती बाप्पा मोरया!