आजोबांची जीप आणि गोळीचं भोक

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात आम्ही दोघा भावांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



एका व्याख्यानाला दोन वक्ते उभे राहिलेले पाहून तुम्हाला नवल वाटलं असेल. कारण साधं आहे. काम दोघांनी मिळून केलं आणि भांडणंही दोघांनी मिळून केली. एकाने बोलायचं ठरवलं तर दुसरा खाली बसून चुका काढत राहील. म्हणून जे सांगू ते 'आम्ही' म्हणूनच सांगू.

आमच्या घरामागचं परडं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. तिथे फणसाखाली एक जीप उभी असायची. उभी म्हणजे काय, चारी चाकं जमिनीत रुतलेली, बॉनेटवर वाळत घातलेली गोधडी आणि मागच्या बाजूला मांजरीची पिल्लं. आजोबांचा खानापूरला लाकडाचा व्यापार होता. महायुद्ध संपल्यावर सैन्याने मोडीत काढलेल्या गाड्यांचे लिलाव झाले, त्यात त्यांनी ही घेतली. पुढे ट्रक आले, आजोबा गेले आणि जीप परड्यात राहिली.

तिच्या उजव्या अंगाच्या पत्र्याला, बसायच्या जागेशेजारी, एक भोक होतं. बाबा सांगायचे, "ही ब्रह्मदेशात लागलेली जपानी गोळी." आम्ही शाळेतल्या मुलांना परड्यात आणायचो. त्या भोकात बोट घालून बघायचं असेल तर एक काचेची गोटी असा दर होता. त्या गोट्यांचा डबा अजून घरात आहे.

तीन पावसाळ्यांमागे फणसाची फांदी जीपवर पडली. भंगारवाला दारात आला, त्याने वजनाचा अंदाज घेतला आणि भाव सांगितला. बाबा सोप्यात बसले होते. ते नको म्हणाले नाहीत. उठून आत गेले, एवढंच. आम्ही भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

आधी गाडी कोणती हे ओळखायचं होतं. आपल्याकडे सगळ्याच जीप सारख्या वाटतात, पण लढाईतली जीप ओळखायला सोपी. समोरच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजायच्या. नऊ असतील तर बहुधा युद्धकाळातली, सात असतील तर नंतरची नागरी. मागे उघडणारं फळकं नसतं. पुढचे दिवे जाळीच्या आत बसवलेले असतात आणि बिजागरीवर उलटे फिरवता येतात, म्हणजे रात्री त्यांच्याच उजेडात इंजिनाचं काम करता येतं.

हिचा इतिहासही मजेचा आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने १३५ कारखान्यांकडे हलक्या गाडीची मागणी नोंदवली आणि पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला. मुदत पाळली ती पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम नावाच्या लहानशा कंपनीने, २३ सप्टेंबर १९४० रोजी. पण एवढीशी कंपनी लाखो गाड्या बनवू शकेल असं सैन्याला वाटलं नाही. मोठं काम विलीज आणि फोर्ड यांना गेलं. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीप बनवल्या, एकाच नकाशावरून, एकाचा सुटा भाग दुसऱ्याच्या गाडीत बसेल अशा. तरीही फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी 'एफ' अक्षर उठवलं. चॅसीचा पुढचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल नळीचा, तर फोर्डमध्ये उलट्या पन्हळीसारखा.

आमचा दांडा पन्हळीसारखा निघाला, म्हणजे चॅसी फोर्डची. इंजिनावरचा नंबर मात्र विलीजचा. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये बिघडलेलं इंजिन काढून हाताला लागेल ते बसवत, त्यामुळे अशी सरमिसळ नवी नाही. थोरला म्हणाला, "म्हणजे ही धड फोर्ड नाही, धड विलीज नाही." धाकटा म्हणाला, "आपल्या घरात बोलतात त्या मराठीसारखी." बेळगावकरांना याहून जास्त सांगायला नको.

आता गंजाकडे येतो. आपल्या पावसात लोखंडाचं काय होतं ते तुम्ही जाणता. पण या जीपच्या पोटातच एक खोड आहे. तळाच्या पत्र्याला खालून आधार द्यायला टोपीच्या आकाराच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या पोकळीत लाकूड भरलेलं असतं. त्या लाकडाने पाणी धरून ठेवलं आणि पत्रा आतून खाल्ला. वरून रंग शाबूत दिसत होता. पेचकस टेकवला तर आरपार गेला.

लहान भागांसाठी धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरीचा चार्जर वापरला. प्लॅस्टिकच्या टबात गंजलेला भाग चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचा आणि भंगारातला साधा लोखंडी पत्रा धन टोकाला. तिथे स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, पाण्यात क्रोमियमचे विषारी क्षार उतरतात. हे काम उघड्यावरच करावं, कारण हायड्रोजन सुटतो आणि ठिणगीने पेट घेतो.

मोठ्या भागांसाठी आपल्या जिल्ह्याचं औषध होतं, उसाची मळी. गुरांच्या खाद्यासाठी मिळते तीच. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि दोन-तीन आठवडे वाट पाहायची. गंज सुटतो, चांगलं लोखंड तसंच राहतं. ॲल्युमिनियमचं काही त्यात टाकू नये. तोटा एकच, वास. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "परड्यात दारू गाळताय होय रे?" त्यांना पिंप उघडून दाखवावं लागलं.

चुकाही सांगितल्या पाहिजेत. पहिली चूक धाकट्याची. डाव्या चाकाचा नट निघेना म्हणून तो पान्ह्यावर उभा राहून नाचला आणि स्टड तुटला. या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, म्हणजे तो इतका वेळ नट आवळत होता. दुसरी चूक थोरल्याची आणि ती जिवावर बेतली असती. लढाईतल्या या चाकांची रिम दोन तुकड्यांची असते, नट-बोल्टांनी जोडलेली. टायरमध्ये हवा असताना ते नट सोडले तर अर्धी रिम तोफेच्या गोळ्यासारखी उडते. इतकी वर्षं उभ्या गाडीच्या टायरमध्ये कसली हवा असणार, असं म्हणून त्याने दोन नट सोडलेही होते. शेवटच्या चाकात हवा होती. व्हॉल्व्हची सुई काढल्यावर जो फुसकारा आला, तो ऐकून दोघंही मटकन खाली बसलो. त्या दिवशी काम तिथेच थांबवलं आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय.

इंजिन चार सिलिंडरचं, २,१९९ सीसीचं, ६० अश्वशक्तीचं. ते जाम झालं होतं. हेड उघडून पिस्टनवर तेल ओतलं आणि रोज सकाळी हँडलला हलकेच झोका दिला. ताकद लावली नाही. नवव्या आठवड्यात ते केसभर हललं. पुढचं काम उद्यमबागेत झालं. आपल्या गावात फाउंड्री आणि लेथ यांची विद्या आहे, हे आपण फार सहज धरून चालतो. ज्या मिस्त्रींनी सिलिंडरला स्लीव्ह घातल्या, ते कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलत होते. क्रँकशाफ्ट हातात धरून ते म्हणाले, "ह्येला लई हात लागल्यात, पण सगळे जाणते हात हाईत." सुट्या भागांची फार वणवण झाली नाही. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीप जोडायला आणि पुढे बनवायला सुरुवात केली, आणि तो वंश आपल्याकडे कित्येक दशकं चालला. त्यामुळे बरीचशी बेअरिंगं, सीलं आणि ब्रेकचं सामान इथल्याच बाजारात मिळालं.

मग कागद बाहेर काढले. पुस्तकाचं पहिलं पान मुंबई राज्याचं. नंतरचा शिक्का म्हैसूर राज्याचा, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला आपला जिल्हा तिकडे गेला. शेवटचा शिक्का कर्नाटकचा, कारण १९७३ ला राज्याचं नाव बदललं. तीन राज्यं झाली, पण घर तेच आणि परडंही तेच.

२०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची जुनी वारसा गाडी म्हणून नोंद होते. अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा, गाडी मूळ स्वरूपात असावी. रोजच्या वापराला ती चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते.

या 'मूळ स्वरूप' शब्दांवरून आमचं खरं भांडण झालं. थोरल्याचं म्हणणं, जीप १९४४ सालात न्यायची. बॉनेटवर पांढरा तारा, मागे जेरीकॅन आणि अंगावर सैन्याचा हिरवा रंग. आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. त्याच पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी इटलीच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. अशा गावातली युद्धातली जीप युद्धातलीच दिसली पाहिजे. धाकट्याचं म्हणणं, आपण पाहिली ती आजोबांची निळसर राखाडी जीप. ताऱ्याची जीप आपली कधी नव्हतीच. आठ दिवस बोलणं बंद होतं. जेवायला मात्र एकाच पंगतीला बसत होतो.

गाडी आजोबांच्या नावावर, म्हणून सगळ्या वारसांची संमती हवी होती. सही करायला धारवाडहून आत्या आली. वय ब्याऐंशी. आदल्याच दिवशी आम्ही त्या अंगाचा रंग खरवडला होता आणि मनातून थोडे हादरलो होतो. भोकाची कड गुळगुळीत होती. गोळी शिरली की पत्रा आत वळतो, इथे तर ड्रिलने पाडल्यासारखं गोल होतं. शिवाय वीतभर अंतरावर, रंगाखाली बुजवलेलं, तसंच दुसरं भोक निघालं. बाबांना हे कसं सांगायचं, या विचारात आम्ही होतो.

आत्या परड्यात आली. जीपभोवती एक फेरी मारली आणि त्या भोकावर बोट ठेवून म्हणाली, "हे माझ्यासाठी पाडलं होतं."

या जीपला दारं नसतात. सैन्याच्या गाडीला दाराच्या जागी कापडी पट्टा असतो, पण आमच्या गाडीचा कधीच कुजून गेला होता. आत्या सहा-सात वर्षांची असताना तिला पायाचं दुखणं होतं आणि उपचाराला दर आठवड्याला खानापूरहून बेळगावला आणावं लागे. वळणावर पोर बाहेर फेकली जाईल म्हणून आजोबांनी पत्र्याला दोन भोकं पाडून कड्या बसवल्या आणि घोड्याच्या खोगिराचा चामडी पट्टा आणून तिला सीटशी बांधलं. दोन वर्षं ती तशी आली-गेली. पाय बरा झाल्यावर कड्या काढल्या. एक भोक बुजवलं आणि दुसरं तसंच राहिलं.

आम्ही बाबांकडे पाहिलं. बाबा जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "मला माहीत होतं. पण पट्ट्याचं भोक बघायला तुम्हाला कुणी गोटी दिली असती का?"

आत्या हसली. मग म्हणाली, "दादा, दादांनी तो पट्टा बांधताना कधी घाई केली नाही. मला तेवढंच आठवतं." आमच्याकडे आजोबांना त्यांची मुलं दादाच म्हणत आणि बाबा आत्याचे दादा. त्यामुळे ती कुणाशी बोलत होती आणि कुणाबद्दल, हे कळायला आम्हाला क्षणभर लागलं.

भांडण तिथेच मिटलं. पुढे समजलं की आमच्या वादाला तसाही अर्थ नव्हता. मोटार वाहन नियमांप्रमाणे संरक्षण दलाच्या वाहनांखेरीज कुणालाही गाडीला तो ऑलिव्ह हिरवा रंग लावता येत नाही. म्हणजे युद्ध संपल्यावर रंग बदलून आजोबांनी कायद्याचंच काम केलं होतं.

शेवटी आम्ही एक रीत ठरवली. जुनी वस्तू दुरुस्त करणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडेल. ज्याच्यावर जिवाचा भार आहे, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, चाकं, चॅसीची भेग आणि तळाचा पत्रा, ते सगळं बिनचूक आणि मजबूत करायचं. तिथे आठवणींची भीड ठेवायची नाही. ज्याच्यावर भार नाही, ते जसं आपल्यापर्यंत आलं तसं ठेवायचं. म्हणून तळाचा पत्रा नवा आहे. मडगार्डवरचे ठिगळ खानापूरच्या कुण्या वेल्डरने लावलं, ते तसंच आहे. बाहेर आजोबांचा राखाडी निळा रंग आहे. बॉनेट उघडलंत तर बॅटरीच्या ट्रेखाली तळहाताएवढा मूळ हिरवा तुकडा राखलेला दिसेल. पांढरा तारा नाही. जीप ब्रह्मदेशात लढल्याचा पुरावा नाही आणि तसा फलक आम्ही लावणार नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीला तिने दोन वर्षं सुखरूप आणलं-नेलं, याची मात्र साक्षीदार हयात आहे.

गेल्या चैत्रात जीप सुरू झाली. हिचा स्टार्टर पायाने दाबायचा असतो आणि वीज फक्त ६ व्होल्टची. त्यामुळे वायर जाड लागतात आणि अर्थिंगची एक जागा जरी गंजलेली राहिली तरी ती ढिम्म हलत नाही. अकराव्या प्रयत्नाला ती बोलली. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून नारळ दिला.

बुजवलेलं दुसरं भोक आम्ही पुन्हा उघडलं आणि कड्या बसवल्या. पहिल्या फेरीला आत्या बसली. नवा चामडी पट्टा बाबांनी बांधला. त्यांचे हात आता थरथरतात, त्यामुळे बराच वेळ लागला. इंजिन चालू होतं, पेट्रोल जळत होतं, पण 'आटपा' असं कुणीच म्हणालं नाही.

जीप परड्यातच आहे. कधीही या, बघा, चहा घ्या. मुलांना आणा. भोकात बोट घालायला आता गोटी लागत नाही.

गणपती बाप्पा मोरया!