बिनदांडीची सायकल
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून)



‘काकू, तुमच्या त्या सायकलींबद्दल दहा मिनिटं बोला,’ असं मला सांगितलं गेलं. भाषणाची मला सवय नाही. आयुष्य खातेवह्या तपासण्यात गेलं. पण सायकलींबद्दल बोलायचं म्हटल्यावर नाही म्हणवलं नाही.

मी माहेरची सांगलीची, सासरची साताऱ्याची. तसं पाहिलं तर फार लांब आलेच नाही. पूर्वी यातला बराच भाग एकाच सातारा जिल्ह्यात. १९४९ साली त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. पण सायकलच्या दृष्टीनं दोन गावांत जमीन-अस्मानाचा फरक. सांगली सपाट. पायडल मारलं की गणपती मंदिरापासून विश्रामबागपर्यंत माणूस गप्पा मारत जातो. साताऱ्यात राजवाड्याकडून पोवई नाक्याकडं येताना सायकल आपल्याला आणते, आणि परत जाताना आपण तिला नेतो!

आपल्या भागाचं आणि सायकलचं नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखानदारीची सुरुवात नांगरानं केली असं आपण समजतो. पण त्याच्याही आधी, १८८८ साली, बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान होतं. पुढं १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. औंध आज आपल्या सातारा जिल्ह्यात आणि वाडी सांगली जिल्ह्यात. त्याच किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक काढलं. माझी आई ते वाचायची आणि सायकलही चालवायची.

आई प्राथमिक शिक्षिका. १९६८ साली तिची बदली माधवनगरच्या शाळेत झाली. आमचं घर गावभागात. बसची वेळ आणि शाळेची घंटा यांचा मेळ काही बसेना. मग तिनं पतसंस्थेचं कर्ज काढून लेडीज सायकल घेतली. वय वर्षं एकतीस, पदरात दोन मुलं. पहाटे अंधारात वडील मागून कॅरिअर धरायचे आणि ती मैदानावर शिकायची. आठ दिवसांत शिकली. दोनदा पडली, ते तिनं आम्हाला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

लेडीज सायकल म्हणजे नुसती दांडी काढलेली सायकल नव्हे, हे मला आत्ता आत्ता कळलं. वरची दांडी काढली की सांगाडा लेचापेचा होतो. म्हणून पुढून खाली येणारी नळी एकाऐवजी दोन घालतात. मागच्या चाकावर जाळी असते, साडीचा पदर ताऱ्यांत जाऊ नये म्हणून. चेनला पूर्ण बंद कव्हर असतं, निऱ्यांना ग्रीस लागू नये म्हणून. म्हणजे ही सायकल बनवणाऱ्यानं पायघोळ कपड्यातल्या बाईचा विचार केलेला होता. इंग्लंडात १८८५ साली स्टार्लींची रोव्हर सायकल आली, १८८८ साली डनलॉपचं हवेचं टायर आलं, आणि त्याच सुमाराला बायकांसाठी बिनदांडीच्या सायकली निघू लागल्या. आईची सायकल आसनसोलच्या कारखान्यातली, सेन-रॅलेची. समोरच्या बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं. काळा रंग, त्यावर सोनेरी रेघ.

आता एक गोष्ट सांगते, ती आजवर घरातही नीट सांगितलेली नाही. मी आठवीत असताना आई कधीकधी मला शाळेतून न्यायला यायची. मैत्रिणींच्या आया घरी असायच्या, आणि माझी आई साडी खोचून, घंटी वाजवत सगळ्यांसमोर फाटकात उतरायची. पोरी हसायच्या. एक दिवस मी तिला म्हटलं, ‘तू फाटकाशी नको येत जाऊ, त्या लिंबाच्या झाडापाशी थांब.’ ती ‘बरं’ म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून झाडापाशी थांबायला लागली. पुन्हा कधी तो विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण ४५ ची. आई आणि भाऊ आधीच विश्रामबागला नातेवाइकांकडं गेले होते. पाणी उतरल्यावर मी गेले. घरात गुडघाभर चिखल. गल्लीत भंगारवाल्यांचे हातगाडे उभे. सोप्यातली सायकल चिखलानं लिंपलेली. मी भावाला म्हटलं, ‘ही देऊन टाक रे.’ बाहेर खुर्चीवर आई बसली होती, ब्याऐंशी वर्षांची. म्हणाली, ‘अगं, माझी सगळी नोकरी त्या सायकलवर झालीय. तुला आजही ती झाडापाशीच उभी करायची आहे का?’

पंचेचाळीस वर्षं तिच्या लक्षात होतं.

मी सायकल टेम्पोत घालून इथं आणली. नुकतीच रिटायर झाले होते. आपल्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मिस्त्रींकडं गेले आणि म्हटलं, ‘मला दुरुस्त करून नको, मला शिकवा.’ त्यांना वाटलं, बाई चेष्टा करतायत. मग त्यांनी एक स्टूल पुढं सरकवलं.

सांगाडा सोडून सगळं खोलायचं. सगळ्यात हट्टी असते ती कॉटर पिन, पायडलचा दांडा धरून ठेवणारी. गंजलेली असली तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी खाली लोखंडी टेकू देऊन एकच नेमका घाव घालायचा. दहा हलके घाव घातले तर पिनचं डोकं चपटं होतं आणि ती जन्माची अडकते. छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे. मागच्या चाकाला एका बाजूस नऊ, पाव इंची. एक जरी खड्डा पडलेला दिसला तर सगळेच बदलायचे, जुन्यात नवे मिसळायचे नाहीत. कोन आवळताना चाक हातानं सोडलं तर व्हॉल्व्हच्या वजनानं सावकाश खाली यायला हवं. तिथं आलं की बेत जमला.

ब्रेक सळ्यांचे. हँडलपासून चाकापर्यंत सळ्यांचीच साखळी, एक ढिली तर सगळंच ढिलं. क्रोमवरचा गंज ओल्या चांदीच्या कागदानं घासला तर निघतो, पॉलिश पेपर लावला तर खालचं क्रोमही जातं. रंगाबद्दल मिस्त्रींशी माझं भांडण झालं. ते म्हणाले नवा मारू. मी म्हटलं नको. जिथं आईचा हात लागून रंग उडालाय, तो तसाच राहू दे. नुसतं तेलाचं फडकं फिरवलं. सोनेरी रेघ निम्मी दिसते, तेवढी पुरे.

तीन महिने लागले. जानेवारीत सायकल सांगलीला नेली. आईला चालवणं शक्यच नव्हतं. तिनं हँडल धरलं, घंटी वाजवली, ब्रेक दाबून पाहिला आणि म्हणाली, ‘मागचा जरा ढिला आहे.’ खरंच होता. तिथंच पाना काढून मी आवळला. ती बघत होती. ते बघणं मला पुरलं. पुढच्या वर्षी ती गेली.

पुढचं आपल्याला माहीतच आहे. पार्किंगमधल्या चौदा बेवारशी सायकली भंगारात काढायचा ठराव सर्वसाधारण सभेत आला, तेव्हा मी दोन महिने मागून घेतले. कमिटीनं दिले, त्याबद्दल आभार. चौदापैकी नऊ चालू झाल्या, पाच सुट्या भागांसाठी कामी आल्या. नऊपैकी चार लेडीज होत्या. आपल्याकडं कामाला येणाऱ्या दोघी जणी आता गोडोलीहून त्यांच्यावर येतात. चढावर उतरून हातात धरतात, पण जाताना दहा मिनिटं वाचतात म्हणतात. तिसरी वॉचमनदादांच्या मुलीकडं आहे. चौथी माझ्याकडं तयार उभी आहे, कुणाला शिकायचं असेल तर. वयाची अट नाही.

एक सावधगिरीची सूचना. सळीचे ब्रेक सपाटीसाठी ठीक, पण पावसात रिम ओली झाली की साताऱ्याच्या उतारावर त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. उतरून चाला.

कुणाला अशा सायकली एका जागी पाहायच्या असतील तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं संग्रहालय आहे, जरूर जा. आणि हात काळे करायचे असतील तर दर रविवारी सकाळी आठ वाजता बी विंगच्या जिन्याखाली या. रॉकेल आणि फडकी माझी, चहा आळीपाळीनं.

आईची सायकल आता इथंच असते. मुद्दाम फाटकाजवळ, सगळ्यांना दिसेल अशी उभी करते.