लाव्ह्यांच्या खुराड्यातला दिवा आणि त्याचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाला भाव मागायला गेलो की साहेब लोकांच्या खिशात एक उत्तर तयार असते: जोडधंदा करा. शेळ्या पाळा, कोंबड्या पाळा. आता त्या यादीत जपानी लाव्हे, म्हणजे बटेर, आले आहेत आणि त्यांच्या मागोमाग सौरदिवे विकणारेही आले आहेत. जोडधंद्याला आपला विरोध नाही. जोडधंदा हेच भावाच्या मागणीला उत्तर, असे सांगणाऱ्याला विरोध आहे. कापसातला तोटा पाखरांनी भरून काढायचा. मग पाखरांतला तोटा कोणी भरून काढायचा? म्हणून क्विंटलमागे कापसाचा खर्च मांडतो तसाच आज या खुराड्याचा खर्च मांडू. सुरुवात दिव्यापासून करू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते.

आधी पाखरू कोणते ते समजून घ्या. आपल्या रानातले लाव्हे आणि तित्तिर यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना पकडून पाळायचे नाही. पाळायचा तो जपानी लाव्हा. तो १९७४ साली अमेरिकेतून उत्तर प्रदेशात इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात आणला गेला आणि तिथून देशभर पसरला. शेतकऱ्याने चार पाखरे पाळली तर तिथेही सरकार आडवे येते. २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने याच पाळीव पाखराच्या नव्या परवान्यांना अटकाव केला होता. पुढे तो मागे घ्यावा लागला. तेव्हा पिल्ले घेताना विक्रेत्याकडून पक्की पावती घ्या आणि ती जपून ठेवा.

आता दिवा कशाला? लाव्ह्याची मादी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते. पण तिच्या पोटातले अंडे नुसत्या दाण्यावर तयार होत नाही. दिवस किती तासांचा आहे हे तिचा मेंदू मोजतो. प्रकाश डोळ्यांतून जातो, तसाच कवटीतूनही आत पोचतो. दिवस मोठा असला तर अंडी, लहान झाला तर अंडी बंद. तिला रोज चौदा ते सोळा तास उजेड लागतो. आपल्या विदर्भात जूनचा सगळ्यात मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आत असतो आणि डिसेंबरचा अकरा तासांहून थोडा कमी. म्हणजे बाहेरच्या खुराड्यात वर्षातल्या एकाही दिवशी नुसत्या सूर्यावर भागत नाही. आणि थंडीत, जेव्हा अंड्याला गिऱ्हाईक असते, तेव्हाच पाखरू हात आखडते.

खुराडे वावरात असेल तर शेतीपंपाच्या लाइनवर भरवसा ठेवता येत नाही. आज दिवसा पाळी, पुढच्या आठवड्यात रात्री. पाण्याची पाळी चुकली तर दुसऱ्या दिवशी देता येते. उजेडाची पाळी चुकली तर मादीच्या शरीराला वाटते की दिवस लहान झाले. ती पिसे गाळायला लागते आणि पुढचे काही आठवडे तुम्ही फुकट दाणा टाकत राहता. म्हणून इथे सौरदिव्याला खरे काम आहे.

किती मोठा घ्यायचा? दोनशे माद्यांना चाळीस-पन्नास चौरस फूट जागा लागते. तिला तीन वॉटचे दोन एलईडी दिवे, पिवळसर उजेडाचे, पुरून उरतात. पाखराच्या उंचीवर बसून वर्तमानपत्र वाचता आले की उजेड पुरेसा झाला. दोन दिवे एवढ्यासाठी की कोपरे अंधारे राहू नयेत आणि एक गेला तर दुसरा असावा.

वेळ ठरवून टाका: पहाटे चारपासून रात्री आठपर्यंत उजेड, वर्षभर तोच. मधला दिवस सूर्याचा. डिसेंबरात दिवे पाच तास जळतील. सहा वॉट गुणिले पाच, तीस वॉट-तास झाले. बॅटरीतली आणि तारेतली गळती धरून चाळीस म्हणा. वीस वॉटची प्लेट थंडीच्या उन्हात दिवसाला साठ-सत्तर वॉट-तास देते. पावसाळ्यात ढगांमुळे ती वीस-पंचवीसवर येईल. पण तेव्हा दिवस मोठा असतो, दिवा अडीच-तीन तासच लागतो आणि गरजही वीस-पंचवीसचीच असते. झडीच्या दिवसांसाठी साठा हवा. बारा व्होल्ट, वीस अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणजे तिच्यातले एकशेवीस वॉट-तास आपले. थंडीत तीन रात्री आणि पावसाळ्यात पाच रात्री त्यावर निघतात.

झाला हिशेब. वीस वॉटची प्लेट. फार काळजी वाटली तर चाळीसची. आणि तुमच्या दारात येणारा काय विकतो? एक किलोवॉटचा संच, सोबत इन्व्हर्टर, वर अनुदानाचा फॉर्म. एक किलोवॉट म्हणजे गरजेच्या पन्नास पट! अनुदानाचे नाव ऐकून आपण गुणाकार करायचा सोडतो, तिथेच आपण लुटले जातो. इन्व्हर्टर लागतच नाही. बारा व्होल्टचे दिवे थेट बॅटरीवर चालवा. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी असे दोन दिवे खातील त्याहून जास्त वीज खाऊ शकतो.

चार गोष्टी मात्र चुकवू नका. प्लेट दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी वीस ते तीस अंशांत बसवा. झाडाची सावली तिच्यावर पडू देऊ नका आणि धूळ आठवड्याला पुसा. बॅटरी आणि प्लेट यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर लावा. टायमर पाहिजेच. अंधार पडला की पेटणारे आणि बॅटरी संपली की विझणारे स्वस्त दिवे इथे कामाचे नाहीत. ते आज सात तास जळतील, उद्या चार. नव्या माद्यांचा उजेड एकदम वाढवू नका, आठवड्याला अर्धा-एक तास वाढवत न्या. आणि रात्रभर दिवा ठेवला म्हणजे दुप्पट अंडी, हेही खरे नाही. पाखराला अंधाराची झोप लागते.

हा दिवा उजेडाचा आहे, उबेचा नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लांना चांगली ऊब लागते. ती वीस वॉटच्या प्लेटीतून निघत नाही. त्यासाठी शेगडी किंवा घरची वीज हवी. शेगडी असेल तर धूर बाहेर जाईल असे पाहा. थंड वाऱ्याच्या बाजूला पऱ्हाटीचा कूड घाला. लाव्हा दचकला की सरळ वर उडतो आणि डोके आपटून घेतो, म्हणून छताच्या आतून मऊ जाळी ताणा. बाहेरची जाळी मुंगूस आणि उंदीर आत शिरणार नाही इतकी बारीक घ्या.

आता ताळेबंद. दोनशे माद्या दिवसाला सहा किलो दाणा खातात. चांगली चालली तर दीडशे-एकशेसाठ अंडी देतात. एक अंडे दहा ग्रॅमचे. पाच अंडी मिळून कोंबडीच्या एका अंड्याएवढी. म्हणजे सहा किलो दाण्यात दीड किलो अंडी. कोंबडी याहून कमी दाण्यात तेवढीच अंडी देते. तेव्हा वजनाच्या भावाने लाव्ह्याचे अंडे कधीच परवडणार नाही. ते वेगळा माल म्हणून, वेगळ्या गिऱ्हाइकालाच विकावे लागते. घरची ज्वारी दाण्यात मिसळली तर खर्च थोडा उतरतो. पण ती बाजारभावानेच हिशेबात धरा, फुकट समजू नका. पावसात भिजून काळी पडलेली, बुरशीची ज्वारी मात्र पाखरांना घालू नका.

२००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू आढळला आणि जिथे रोग नव्हता तिथल्याही कोंबड्यांचे भाव कोसळले. जोडधंद्यालाही बाजाराचा तडाखा बसतो, तो असा. म्हणून दिवा लावायच्या आधी गिऱ्हाईक शोधा. तालुक्याच्या गावातली चार हॉटेले, दोन दुकाने यांच्याशी बोला. रोज किती अंडी घेणार आणि काय भावाने, हे ठरवून मगच पिल्ले आणा. दोनशे नको, पन्नासपासून सुरुवात करा.

मायबहिणींनो, दाणापाणी तुम्हीच करणार आणि अंडीही तुम्हीच वेचणार. लाव्हे बहुतेक अंडी दुपार कलल्यावर घालतात, तेव्हा वेचणी संध्याकाळची. मग वहीही तुमच्या हातात असू द्या आणि अंड्यांचा पैसाही. दाणा किती, अंडी किती, मेली किती, हे रोज लिहा. तुमच्या मजुरीचा रकाना कोरा सोडू नका.

महिन्याच्या शेवटी त्या वहीत काही उरले तर पाखरे वाढवा. नाही उरले तर पाखरे विकून टाका. प्लेट आणि बॅटरी घराच्या उजेडाला येतील. आणि जोडधंदा करा म्हणणारा साहेब पुन्हा भेटला, तर त्याच्यापुढे दोन वह्या ठेवा. एक लाव्ह्यांची, एक कापसाची. पहिल्या वहीतला उजेड आम्ही सोळा तासांचा केला आहे. दुसऱ्या वहीतला अंधार कोणामुळे आहे, ते त्याने सांगावे.