हिर्टा बेटावरच्या मेंढ्या

कोरोनाच्या साथीनंतर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे आपण इतक्यांदा ऐकलं, की ती जितकी जास्त तितकी चांगली, असं आपण धरूनच चाललो आहोत. रानात असं असतं का? तिथं लस नाही, औषध नाही, थंडीत कुणी चारा टाकायला येत नाही. या प्रश्नाचं मला ठाऊक असलेलं सर्वांत भरीव उत्तर एका लहानशा बेटावरच्या मेंढ्यांनी दिलं आहे. म्हणून आज वाघ-सिंह बाजूला ठेवून मी मेंढ्यांबद्दल बोलणार आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर अटलांटिक महासागरात सेंट किल्डा हा द्वीपसमूह आहे. त्यातलं मोठं बेट हिर्टा. १९३०च्या ऑगस्टमध्ये तिथले शेवटचे ३६ रहिवासी बेट सोडून गेले. दोन वर्षांनी शेजारच्या सोए बेटावरून १०७ मेंढ्या आणून तिथं सोडल्या. तेव्हापासून त्यांना ना मेंढपाळ, ना लांडगा. १९८५पासून संशोधक त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद ठेवत आहेत. वसंतात कोकरू जन्मलं की थोड्याच दिवसांत त्याच्या कानाला बिल्ला लागतो. ऑगस्टमध्ये मेंढ्या तात्पुरत्या कुंपणात हाकायच्या, एकेकीला धरून वजन करायचं, थोडं रक्त काढायचं आणि सोडून द्यायचं. हिवाळा सरता सरता, पडलेल्या मेंढ्यांच्या कानांतले बिल्ले वाचत उतारावरून हिंडायचं. कोण जगलं, कोण गेलं, हे असं कळतं.

काही हिवाळ्यांत निम्म्याहून अधिक कळप जातो. १९८९मध्ये अशीच मोठी मरतूक झाली. फ्रान्सिस गलंड या पशुवैद्य संशोधिकेनं मेलेल्या मेंढ्यांची तपासणी केली. मरण उपासमारीचं होतं, पण चौथ्या जठरात जंतही मोठ्या संख्येनं होते. मग खरा दोषी कोण? पोटभर खाणाऱ्या सोए मेंढ्यांना तेवढेच जंत दिले, तर त्या खंगल्या नाहीत. उलट बेटावर ज्यांना जंतांचं औषध दिलं होतं, त्यांच्यात मरतूक कमी झाली. म्हणजे एकटी भूक नाही, एकटे जंतही नाहीत. दोन्ही एकत्र आले की जनावर आडवं होतं. मेंढ्या राखणाऱ्या धनगराला यात नवल वाटणार नाही.

आता मुद्द्याचं. प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, प्रथिनांची बनतात. ती प्रथिनं येतात गवतातून, आणि त्याच गवतातून लोकर, दूध आणि पोटातलं कोकरूही घडायचं असतं. अँड्रिया ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये या मेंढ्यांच्या रक्तात एक वेगळंच मोजमाप केलं. आपल्याकडे सांधे सुजले की डॉक्टर एएनए चाचणी लिहून देतात. स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांची ती चाचणी; तीच त्यांनी मेंढ्यांवर केली. अशी प्रतिपिंडं ज्यांच्यात जास्त, त्यांची प्रतिकारयंत्रणाच तीव्र. त्या कडक हिवाळ्यातून अधिक तगल्या, पण वर्षाकाठी त्यांची संतती कमी. ज्यांच्यात कमी, त्यांची संतती अधिक, पण हिवाळ्यात टिकण्याची शक्यता कमी. हा गुण आईबापांकडून पिलांकडे जातो, आणि दोन्ही प्रकार कळपात टिकून आहेत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण ज्याला ‘कमी प्रतिकारशक्ती’ म्हणून नावं ठेवतो, ती रानात कित्येकदा पिलांसाठी मोजलेली किंमत असते. त्याच बेटावर असंही दिसलं, की कोकरू वाढवलेल्या मेंढीच्या पोटात जंत जास्त सापडतात, तिचं वजन घटतं, आणि पुढच्या हिवाळ्यात तिच्या जिवाला धोका वाढतो.

प्रयोगशाळेतला उंदीर हे आपल्याला कधीच सांगू शकला नसता. त्याला रोज खाद्य मिळतं, ऊब मिळते. त्याला निवड करावीच लागत नाही.

शेवटचं एक सांगतो. २०१९मध्ये हॅना फ्रॉय आणि सहकाऱ्यांनी २६ वर्षांचे रक्तनमुने तपासले. वय वाढतं तशी जंतांविरुद्धची प्रतिपिंडं घटतात आणि ज्या मेंढीत ती घटली, ती पुढच्या हिवाळ्यात जाण्याची शक्यता अधिक, असं त्यांना आढळलं. ते रक्त वर्षानुवर्षं गोठवून जपलेलं होतं. सभागृहात प्राणिशास्त्राचे विद्यार्थी दिसत आहेत, त्यांना माझं सांगणं आहे: आपल्या परिसरातला एक प्राणी निवडा, ओळखू येईल अशी खूण करा, आणि नोंदवही आजच उघडा.